जिताडा, रिकामी होडी आणि पाचवं कारण



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

अठराव्या अध्यायाची सुरुवात त्यागापासून होते. पहिल्या बारा श्लोकांत भगवंत त्याग म्हणजे काय, कोणता सात्त्विक, कोणता राजस, कोणता तामस हे सांगतात. तेराव्या श्लोकापासून सूर बदलतो. एखाद्या सीनियरने फळ्यापाशी उभं राहून मुद्दे मांडावेत तशी सरळ यादी येते. कुठलंही काम घडायला पाच कारणं लागतात. पहिलं अधिष्ठान, ज्याच्या आधारावर काम उभं राहतं ते. दुसरा कर्ता. तिसरं करण, म्हणजे साधनं, आणि ती एक नाही, वेगवेगळ्या प्रकारची. चौथी चेष्टा, म्हणजे त्या साधनांच्या निरनिराळ्या हालचाली (इथे थट्टेशी काही संबंध नाही). आणि पाचवं दैव.

पंधराव्या श्लोकात सांगितलंय की शरीराने, वाणीने किंवा मनाने माणूस जे काही करायला घेतो, ते योग्य असो की अयोग्य, त्याला हीच पाच कारणं असतात. आणि मग सोळावा श्लोक. असं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता म्हणून पाहतो त्याची बुद्धी अजून तयार झालेली नाही, त्याला दिसतच नाही.

आमच्या क्षेत्रात काहीतरी कोसळलं की 'फाइव्ह व्हाइज' नावाचा प्रकार करतात. टोयोटा कंपनीतून आलेली पद्धत आहे. 'का?' असं पाच वेळा विचारायचं, प्रत्येक उत्तराच्या खाली खणायचं, आणि शेवटी मूळ कारण हाती लागतं अशी अपेक्षा असते. गीतेतली पाच कारणं या पद्धतीची नाहीत. ती एकाखाली एक नाहीत, एका वेळी शेजारीशेजारी उभी आहेत. त्यामुळे खणत खणत शेवटी एका माणसावर बोट ठेवायची सोयच भगवंतांनी ठेवलेली नाही. 'अमक्याने केलं म्हणून झालं' हे वाक्य त्या यादीत बसत नाही. 'मी केलं म्हणून झालं' हेही बसत नाही, आणि ते पचायला जास्त जड जातं.

हे सगळं कागदावर पटतं. मला या श्लोकांत अडकवलं ते एका माशाने, म्हणून आज त्याबद्दल लिहितो.

ज्यांचं रायगडात कोणी नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. जिताडा हा आमच्या खाड्यांचा राजा. कोलकात्यात त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बारामंडी. पण अलिबाग-पेणच्या खारेपाटात त्याला जो मान आहे तो मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणायची, शेताजवळच्या तळ्यात सोडायची आणि ती मोठी होईपर्यंत जपायची, ही इथली जुनी रीत. जावई आला की जिताडा. व्याही आले की जिताडा. साहेबाच्या टेबलावर अडकलेला कागद जिताडा पोहोचला की हलतो, असंही गमतीने म्हणतात, आणि म्हणणारा नेहमीच गमतीने म्हणत असतो असं नाही.

हा मासा जन्मतो नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात. लहानपणी खाडीत वर चढतो, गोड्या पाण्यातही राहतो, आणि प्रजननासाठी पुन्हा मुखाकडे उतरतो. यातले बहुतेक जण तरुणपणी नर असतात आणि काही वर्षांनी मादी होतात, त्यामुळे चांगला थोराड जिताडा दिसला तर ती बहुधा मादीच असते. तो भक्ष्याच्या मागे धावत नाही. उघाडीच्या दगडाआड, तिवरांच्या मुळांपाशी, जिथे प्रवाह वळतो तिथे दबा धरून बसतो आणि समोर आलेलं एका झटक्यात आत ओढतो. पाण्यावर कोणी सपकन हात मारावा तसा आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे तो तिथे आहे. आपल्याला मिळेल असं काही त्यातून ठरत नाही.

(उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातली दारं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये आणि पावसाचं पाणी बाहेर जावं यासाठी असतात.)

इथे काही वाचक थांबले असतील. गळ्यात माळ आहे, एकादशी चुकत नाही, आणि हा इथे मासेमारीच्या गोष्टी सांगतोय? प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकून टाकणार नाही. ज्यांनी मांसाहार सोडलाय त्यांनी सोडलेलाच बरा. फक्त दोन गोष्टी लक्षात असू द्या. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध येतो. कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला त्याच्याकडे पाठवलं जातं, तेव्हा तो मांसाच्या दुकानात बसलेला असतो. तो स्वतः प्राणी मारत नाही आणि मांस खातही नाही, हे तोच सांगतो, म्हणून त्याचं नाव घेऊन सगळं माफ करून घेता येत नाही. पण नांगर चालवताना जमिनीतले किती जीव मरतात, हा प्रश्नही तोच विचारतो. दुसरी गोष्ट व्यासांची. ज्या महाभारतात गीता आहे ते रचणाऱ्या व्यासांची आई सत्यवती कोळ्यांच्या प्रमुखाच्या, दाशराजाच्या घरी वाढली आणि यमुनेवर नाव वल्हवायची. गीतेला माशाच्या वासाचं वावडं आहे असं मानणाऱ्यांनी तिच्या आजोळी एकदा जाऊन यावं.

आता त्या दिवसाकडे येतो.

माझ्या मावशीचं घर रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला आहे. म्हणजे कुंडलिका नदी जिथे खाडी होते आणि पुढे कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते, तो पट्टा. मावशीच्या यजमानांना आम्ही काका म्हणतो. चाळीस वर्षं ते या पाण्यावर आहेत. कोजागरीनंतरचा शनिवार होता. रविवारी मावसबहिणीला बघून गेलेल्या घरातली मोठी माणसं पहिल्यांदा जेवायला येणार होती. पसंती झालेली होती, पुढची बोलणी व्हायची होती, आणि काका फोनवर बोलून बसले होते, "या तुम्ही, जिताडा खायला घालतो."

काका भरती-ओहोटी मोबाईलवर बघत नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. वद्य द्वितीया, म्हणजे दोनाची पाऊणपट दीड, दुपारी दीडला पाणी भरणार. मी गुपचूप अ‍ॅप उघडून पाहिलं. वीसेक मिनिटांचा फरक निघाला, आणि आम्ही होतो तिथे खाडीच्या आत पाणी उशिरा पोहोचतं हे धरलं तर काकांचंच बरोबर होतं.

सकाळी साडेसहाला निघालो. ओहोटी संपत आली होती. काकांनी चिखलात उतरून पाग टाकला. जिवंत कोळंबी आणि बोटाएवढी बोयटं आमिषाला मिळाली. उधाणाचे दिवस होते, पाणी जोरात चढणार होतं. काका म्हणाले, "पानी चांगलं हाय."

मग सुरू झाला तो दिवस. पहिल्या तासात एक शिंगाळा लागला. त्याचा काटा हाताला लागू न देता त्याला गळावरून सोडवणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. मग चिंबोऱ्यांनी आमिष कुरतडून नेलं, तीन वेळा. मग उघाडीच्या दगडावरच्या कालवांवर घासून तंगूस तुटली. काकांनी नवीन गळ बांधला. अकराच्या सुमाराला तो सपकन आवाज आला, आमच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर. काकांनी होडी वल्ह्याच्या एका दाबाने, जराही आवाज न करता तिकडे वळवली, आमिष अगदी तिथेच सोडलं, आणि आम्ही पाऊण तास श्वास रोखून बसलो. काही नाही. मग आवाज आला तो आम्ही सोडून आलेल्या जागेवरून.

दीडला पाणी थांबलं. ऑक्टोबरचं ऊन, वारा नाही, चिखलाचा वास, आणि कडेला निवट्यांच्या उड्या चालू. डबा खाल्ला. अडीचनंतर पाणी फिरलं तसे आम्ही एका छोट्या पोटखाडीच्या तोंडाशी गेलो. ओहोटीच्या पाण्याबरोबर आतली बारीक मासळी बाहेर येते आणि जिताडा तिथे वाट बघतो. काकांना ती जागा त्यांच्या वडिलांनी दाखवलेली.

चारच्या सुमाराला लागला. काकांच्या हातातली तंगूस सरसरत गेली, त्यांनी ती बोटांतून सुटू दिली, मग हळूहळू ताण घेतला, आणि तो पाण्याबाहेर आला. पूर्ण बाहेर, डोकं झटकत, चांदीसारखा. माझ्या हाताएवढा तरी असेल. दुसऱ्या उडीला तंगूस सैल पडली. ओढून पाहिली तर टोक ब्लेडने कापल्यासारखं साफ. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाला धार असते. तीच लागली.

काका काही बोलले नाहीत. त्यांनी परत गळ बांधला.

साडेपाचला गावातलेच एक गृहस्थ आपली होडी घेऊन आले. आमच्यापासून शंभर पावलांवर थांबले. अर्धा तासही झाला नसेल, त्यांनी जिताडा वर घेतला. पाच-सहा किलोचा तरी असेल. काकांनीच आमची होडी तिकडे नेली आणि मासा आत ओढायला हात दिला. त्या गृहस्थांनी मासा फळीवर ठेवला, खाडीच्या पाण्याला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाले, "देवानं दिला." तो मासा कोणाला द्यायचा हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून काकांनी मागितला नाही.

परतताना बराच वेळ फक्त वल्ह्याचा आवाज होता. मग काका म्हणाले, "त्याला देवानं दिला, बरोबर हाय. मंग मना देवानं नाय दिला का? मी देवाचं काय वाकरं केलं?"

ते हसून म्हणाले. पण उत्तर हवं होतं. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण 'कर्म करा, फळाची अपेक्षा नको' हे त्यांना ऐकवणं मला अगोचरपणाचं वाटलं. ज्याने सकाळी साडेसहापासून अकरा तास नेमाने कर्म केलंय आणि ज्याच्या घरी उद्या व्याही येणार आहेत, त्याला दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक सुनावायला आपलं काय जातं? तो श्लोक खरा आहे. पण आपण तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नुकसानीवर वापरतो.

घरी आल्यावर मी अठरावा अध्याय उघडला. आजचे चार श्लोक मला त्या प्रश्नासाठीच असल्यासारखे दिसले.

पाचवं कारण म्हणजे नक्की काय, यावर आचार्यांचं एकमत नाही. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात, आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, डोळ्यांसाठी आदित्य वगैरे. रामानुजाचार्यांना पाचव्या जागी साक्षात अंतर्यामी परमात्मा दिसतो. सगळ्यांच्या आत बसलेला, आणि त्याच्याशिवाय कर्म पूर्ण होत नाही असा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं 'गीतारहस्य' १९१५ साली छापून आलं. त्यात ते या श्लोकांवर एकदम जमिनीवरचं बोलतात. माणूस असो वा नसो, सृष्टीचे असंख्य व्यापार आपापल्या गतीने चालूच असतात. आपण ज्याला आपलं काम म्हणतो ते आपला प्रयत्न आणि हे व्यापार यांच्या मेळातून घडतं. उदाहरण ते शेतीचं देतात. शेतकऱ्याचे कष्ट आहेतच, पण जमीन, बी, पाणी, खत, बैल यांचे स्वतःचे गुणधर्मही तिथे काम करत असतात. यातले काही व्यापार आपल्याला माहीत असतात, ते आपण जुळवून घेतो. जे माहीत नसतात किंवा आपल्या हातात नसतात, त्यांचं नाव दैव.

त्या शनिवारी खाडीत असे व्यापार किती होते पाहा. कुंडलिका ही साधी कोकणी नदी नाही. सह्याद्रीच्या पलीकडे मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. ते बांधताना १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तिथलं पाणी घाट उतरवून भिऱ्याच्या वीजकेंद्रात आणतात, त्यातून वीज होते, आणि वीज झाल्यावर ते कुंडलिकेत सोडतात. कोलाडला राफ्टिंगला गेला असाल तर तुम्ही त्याच पाण्यावर तरंगला आहात. पुण्याच्या मागचा पाऊस, विजेची मागणी, भिऱ्याचं पाणी, द्वितीयेचा चंद्र, बांधाची उघाडी, पोटखाडीतून बाहेर येणारी बोयटं, कालवांची धार. आणि या सगळ्यात आणखी एक कर्ता होताच, ज्याला आपण मोजतच नाही: खुद्द जिताडा. त्यालाही शरीर आहे, इंद्रियं आहेत, त्याच्याही हालचाली आहेत. रामानुजांचं म्हणणं घेतलं तर त्याच्याही आत तोच अंतर्यामी आहे. काकांच्या यशाच्या यादीत जे पाचवं कारण, तेच त्याच्या सुटकेच्या यादीत पाचवं.

मग 'देवानं दिला' याचं काय? ते गृहस्थ चूक बोलले का?

मला वाटतं नाही. त्यांनी जे म्हटलं ते सोळाव्या श्लोकाचं सरळ आचरण होतं. हातात मासा असताना, बघायला दुसरी होडी शेजारी असताना, 'मी पकडला' म्हणायची चांगली संधी त्यांनी सोडली. पण तेच वाक्य काकांच्या होडीत आलं की त्याचा अर्थ बदलतो. तिथे तो हिशोब होतो: त्याला दिला, याला दिला नाही, म्हणजे याचं काहीतरी कमी पडलं. आणि गीता या हिशोबाला कुठेही दुजोरा देत नाही. पाचव्या अध्यायात, चौदा-पंधराव्या श्लोकांत, स्पष्ट म्हटलंय की प्रभू लोकांचं कर्तेपण, कर्मं किंवा कर्माची फळाशी गाठ निर्माण करत नाही, आणि कोणाचं पाप-पुण्यही पदरात घेत नाही; हे सगळं स्वभाव चालवतो. नवव्या अध्यायात, एकोणतिसाव्या श्लोकात, मी सर्वांना सारखाच, मला कोणी नावडता नाही आणि आवडता नाही, असं भगवंत म्हणतात. त्याच श्लोकाच्या दुसऱ्या अर्ध्यात भक्तांबद्दल ते काही खास बोलतात हे मला माहीत आहे, पण तिथेही 'ते माझ्यात आणि मी त्यांच्यात' एवढंच आहे. भक्ताच्या गळाला मासा लागेल असं नाही.

म्हणजे कृतज्ञतेचं वाक्य ज्याला मिळालं त्यानेच, स्वतःपुरतं बोलावं. दुसऱ्याच्या रिकाम्या होडीचं स्पष्टीकरण म्हणून ते वापरायचं नाही. त्या गृहस्थांनी ते तसं वापरलंही नव्हतं, पाण्याला हात लावून ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले होते.

हे आपल्याला खाडीवर जायची गरज नसतानाही रोज लागतं. ओळखीच्या एका टीममध्ये नोकरकपात झाली. बारा जणांपैकी पाच गेले. संध्याकाळी सगळ्यांच्या जुन्या ग्रुपवर, जिथे गेलेले पाचही अजून होते, राहिलेल्यांपैकी एकाने लिहिलं: 'बाप्पाची कृपा, वाचलो.' हात जोडल्याची तीन चिन्हं. मनापासून लिहिलं होतं, यात शंका नाही. पण गेलेल्यांपैकी एक मुलगी दर मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला जाणारी. तिने तो मेसेज कसा वाचला असेल? तिलाही नेमका काकांचाच प्रश्न पडला असणार. आणि आपल्याकडची धार्मिक भाषा तिला उत्तर म्हणून एकतर 'तुझी साधना कमी पडली' हे देते किंवा 'यात तुझं भलंच असेल' हे. पहिलं क्रूर आहे. दुसरं खरं ठरेलही कदाचित, पण पहिल्या दिवशी सांगायचं नसतं.

गीतेच्या यादीप्रमाणे उत्तर कोरडं आहे, आणि मला ते कोरडेपणामुळेच आवडतं. तू कर्ता होतीस, पाचातली एक. तुझी साधनं, तुझे कष्ट खरे होते, ते वाया गेले असं कोणी म्हणू शकत नाही. बाकीचे व्यापार तुझ्या हातात नव्हते. आणि ज्याची नोकरी राहिली त्याच्याही ते हातात नव्हते. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपलं लक्ष जात नाही. हरल्यावर सगळ्यांनाच दैव आठवतं. प्रमोशन मिळालं की पोस्टमध्ये 'हार्ड वर्क' येतं आणि एखाद्या ओळीत देवाचे आभार, तेही पुरस्कार सोहळ्यात मानतात तसे. सोळाव्या श्लोकातला 'केवल' हा शब्द त्या दिवसासाठी आहे. शंकराचार्य तो शब्द शुद्ध आत्म्याला लावतात, की तो मुळात कर्ता नाहीच. आपल्यासारख्यांनी तो साध्या अर्थाने घेतला, 'फक्त मीच', तरी आठवडाभर पुरेल.

एक सावधगिरी. 'दैव पाचवं आहे' यातला पाचवं हा शब्द खाऊ नका. आधीची चार आहेतच. काकांनी पाग टाकला नसता, नवा गळ बांधला नसता, वडिलांनी दाखवलेल्या जागी गेले नसते आणि घरी बसून दैवाला बोल लावला असता, तर त्याला ही यादी लागू पडली नसती. तुटलेली तंगूस हातात घेऊन त्यांनी पहिली गोष्ट केली ती नवीन गाठ मारण्याची. चौथं कारण, चेष्टा, ते चालू ठेवत होते. त्या वेळी त्यांच्या मनात देवाबद्दल राग होता की नाही हे मी विचारलं नाही, आणि गाठ घट्ट बसायला त्याने काही फरक पडत नव्हता.

रविवारी कोळंबीचं कालवण, तळलेली बोय आणि तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. मुलाच्या आजोबांनी विचारलंच, "जिताड्याचं काय झालं?" काका म्हणाले, "काल पाण्यात होता. हातभर लांबून गेला." आजोबाही खाडीकाठचेच निघाले. मग जेवण होईपर्यंत दोघे आपापले सुटलेले जिताडे सांगत बसले, आणि प्रत्येक गोष्टीत मासा थोडा थोडा मोठा होत गेला. मुलीच्या लग्नाची बोलणी चहावर उरकली.

मी निघताना काकांना पाच कारणांची यादी सांगितली. कागदावर लिहून नाही, ओट्यावर बसून बोटं मोजत. त्यांनी ऐकून घेतली. पाचव्या बोटावर म्हणाले, "म्हंजे तो दोन्ही होड्यांत होता." मी म्हटलं, हो, रामानुज असंच म्हणतात. "आन पान्यात बी," असं म्हणून ते जाळं शिवायला बसले.

आजच्यासाठी एवढंच करून पाहा. गेल्या महिन्यात तुमच्या मनासारखं झालेलं एक काम निवडा, अपयश नको, यशच घ्या, आणि त्याची पाच कारणं लिहा. कर्त्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहाच. मग बाकीचे चार रकाने प्रामाणिकपणे भरा. पाचव्यात मावेल तेवढं. काय निघतं ते कमेंटमध्ये सांगितलंत तर वाचायला आवडेल.

उद्या श्लोक १७. ज्याला 'मी केलं' हा भाव नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, तो मारूनही मारत नाही, असं तिथे म्हटलंय. या श्लोकाचा गैरवापर सोपा आहे. आज मासेमारीवरून ज्यांनी मनात आक्षेप घेतला असेल त्यांनी उद्या नक्की या, तो प्रश्न अजून शिल्लक आहे.

राम कृष्ण हरी.